फेनिलकीटोन्युरिया : नवजातांची चाळणी-परीक्षा आणि आजन्म पथ्य

रोगाला नाव देणाऱ्याने काय पाहिले होते, हे त्या नावावरून पुष्कळदा ओळखता येते. काविळीच्या नावात रंग आहे, धनुर्वाताच्या नावात शरीराला आलेला बाक आहे, मधुमेहाच्या नावात मूत्राची गोडी आहे. ज्या रोगाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे, त्याला गेल्या नव्वद वर्षांत निदान तीन नावे मिळाली. ही नावे एकामागून एक वाचली म्हणजे त्या रोगाविषयीचे ज्ञान कसे पालटत गेले याचा एक लहानसा इतिहासच हाती लागतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात डोकावण्यास एवढे निमित्त पुरेसे आहे. पण याहून मोठेही एक निमित्त आहे. उपचार न झाल्यास हा रोग मुलाची वाचा जवळजवळ हिरावून घेतो. आणि उपचार होणे न होणे हे पुष्कळ अंशी बाळंतिणीच्या खाटेपाशी उच्चारलेल्या दोन-चार वाक्यांवर अवलंबून असते.

१९३४ साली नॉर्वेतील ऑस्लो येथे आस्ब्यर्न फॉलिंग या वैद्याकडे एक आई आपली दोन मुले घेऊन आली. दोन्ही मुलांची बुद्धी वाढलेली नव्हती. मोठ्या मुलीला थोडेसेच शब्द येत होते आणि धाकट्या मुलाला तेवढेही येत नव्हते. मुलांच्या अंगाला एक विचित्र कुबट वास येतो, असे आईचे म्हणणे होते, आणि तो कशाचा हे कोणीतरी सांगावे म्हणून ती वैद्यामागून वैद्य पालथे घालीत होती. फॉलिंग यांचे रसायनशास्त्राचेही शिक्षण झालेले होते. त्यांनी मुलांच्या मूत्रात फेरिक क्लोराइड घातले. नेहमीच्या मूत्राने जो रंग यावयाचा तो न येता गडद हिरवा रंग आला आणि काही मिनिटांत तो मावळला. हा रंग आणणारे द्रव्य वेगळे काढून ते फेनिलपायरुव्हिक अम्ल आहे, हे त्यांनी सिद्ध केले. नंतर बुद्धिमांद्य असलेल्यांच्या संस्थांतील ४३० जणांचे मूत्र तपासले, तेव्हा आणखी आठ जणांत तोच रंग आढळला. वास येतो हे आईचे म्हणणे आधीच्या वैद्यांनी मनावर घेतले नव्हते. ज्ञानाच्या इतिहासात अशी दुर्लक्षिलेली निरीक्षणे किती पडून असतील याची गणती कोण करणार?

फॉलिंग यांनी रोगाला दिलेले नाव लॅटिन होते : ‘इम्बेसिलिटास फेनिलपायरुव्हिका’. या नावात बुद्धीचे मांद्य प्रधान आहे आणि रसायन त्याचे विशेषण आहे. इंग्लंडात लायनेल पेनरोझ यांनी या रोगाची आनुवंशिकता अभ्यासिली, आणि १९३७ मध्ये त्यांनी व जुडा क्वास्टेल यांनी ‘फेनिलकीटोन्युरिया’ हे नाव रूढ केले. या नावातून बुद्धीचा उल्लेख गेला. उरले ते केवळ मूत्रात उतरणारे द्रव्य. हा बदल वरवर पाहता किरकोळ वाटतो, परंतु त्याचा परिणाम दूरवर झाला, असे माझे मत आहे. ‘अमुक प्रकारची मंदबुद्धी’ हे ज्याचे नाव, त्यावर उपचार करावा ही कल्पनाच मनात येणे कठीण. ‘मूत्रात अमुक द्रव्य जाणे’ हे ज्याचे नाव, त्याच्याविषयी मात्र ते द्रव्य येते कोठून आणि थांबविता येईल काय, असे प्रश्न आपोआप उभे राहतात. तिसरे नाव अलीकडचे आहे. अमेरिकेतील वैद्यकीय आनुवंशिकीतज्ज्ञांच्या संस्थेने २०१४ च्या आपल्या मार्गदर्शिकेत ‘फेनिलॲलनीन हायड्रॉक्सिलेजची न्यूनता’ या नावाचा पुरस्कार केला. त्यात बुद्धीही नाही आणि मूत्रही नाही. जे मुळात कमी आहे तेवढेच सांगितले आहे. आणि ते सयुक्तिकच आहे, कारण आज ज्या मुलावर पहिल्या आठवड्यापासून उपचार होतो त्याची बुद्धी मंद नसते आणि मूत्रात ते द्रव्यही फारसे सापडत नाही. रोग आहे, पण त्याच्या नावात सांगितलेले लक्षण नाही, अशी ही चमत्कारिक स्थिती आहे. व्यवहारात तरी मधलेच नाव टिकून आहे, आणि पुढील विवेचनात तेच वापरले आहे.

आता या न्यूनतेचे स्वरूप पाहू. आपण खातो त्या प्रत्येक प्रथिनात फेनिलॲलनीन नावाचे ॲमिनो अम्ल असते. स्थूल मानाने प्रथिनाच्या वजनाचा विसावा भाग. शरीराला ते स्वतः बनविता येत नाही, म्हणून ते अन्नातून मिळालेच पाहिजे. त्यातील काही भाग नवी प्रथिने बांधण्याकडे लागतो आणि उरलेल्याचे यकृतात टायरोसीन या दुसऱ्या ॲमिनो अम्लात रूपांतर होते. हे रूपांतर घडविणारा एंझाइम म्हणजे फेनिलॲलनीन हायड्रॉक्सिलेज. त्याची क्रिया अडली आहे, हे जॉर्ज जर्व्हिस यांनी १९४७ ते १९५३ या काळात दाखवून दिले. एंझाइम नाही म्हणून फेनिलॲलनीन साचत जाते. निरोगी माणसाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात ते सुमारे १ मिलिग्रॅम असते. तीव्र प्रकारच्या रोग्यात ते २० मिलिग्रॅमच्या वर जाते. मेंदूत ॲमिनो अम्ले नेणारी वाहक-यंत्रणा अनेक अम्लांना समाईक आहे. तिच्यावर एकट्या फेनिलॲलनीनाची एवढी गर्दी झाली की इतरांना वाट मिळत नाही, आणि वाढत्या मेंदूला आवश्यक ती सामग्री पोहोचत नाही. टायरोसिनापासून केसांचे व त्वचेचे रंगद्रव्य बनते; ते कमी पडल्यामुळे अशी मुले आपल्या भावंडांहून गोरी आणि पिंगट केसांची दिसतात. आपल्याकडे गोरे बाळ जन्मले म्हणजे कौतुक होते, हा त्यातला दुर्दैवी भाग.

बाळ जन्मते तेव्हा त्याच्यात काहीच उणे दिसत नाही. गर्भात असताना त्याचे जादा फेनिलॲलनीन वारेतून आईच्या रक्तात जात असते आणि आईचे यकृत ते निस्तरीत असते. जन्मानंतर नाळ तुटते, दूध सुरू होते आणि दिवसागणिक पातळी चढू लागते. पहिले काही महिने मूल हसते, पाहते, वाढते. मग कधीतरी मान धरण्यास, बसण्यास उशीर होतो. फेफऱ्यासारखे झटके येतात. बोलणे येत नाही. ज्या वेळी आईला शंका येते त्या वेळेपर्यंत जी हानी व्हावयाची ती बहुतांशी होऊन गेलेली असते. नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या लेखिका पर्ल बक यांची १९२० साली जन्मलेली मुलगी याच रोगाने ग्रासलेली होती. १९५० साली तिच्याविषयी त्यांनी पुस्तक लिहिले तेव्हा मुलीचे वय तिशीला टेकले होते, आणि या अवस्थेचे कारण काय हे त्या पुस्तकाच्या लेखिकेस माहीत नव्हते.

रोग अप्रभावी जनुकाने येतो. आई आणि बाप या दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच मूल रोगी होते; एकच प्रत असलेला माणूस केवळ वाहक असतो आणि त्याला काहीही त्रास होत नाही. हे जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे आणि त्यातील हजाराहून अधिक निरनिराळे बदल आता नोंदले गेले आहेत. वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक. हे प्रमाण सांगताना मराठीत एक घोटाळा हमखास होतो. ‘चारांत एक’ असे ऐकले की आईबाप मनाशी मोजतात : एक झाले, आता पुढची तीन निर्धोक. वास्तविक प्रत्येक खेपेस नाणी नव्याने उडवावयाची असतात आणि मागच्या खेपेचा पुढच्या खेपेशी संबंध नसतो. म्हणून ‘चारांत एक’ असे न म्हणता ‘प्रत्येक बाळंतपणात, दर वेळी, चार आण्यांइतका धोका’ असे म्हणणारा वैद्य मला अधिक चांगला भाषाज्ञ वाटतो. रक्ताच्या नात्यात लग्न झाले असता दोघांकडे एकच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल आहे, हे येथे नमूद करावे लागेल. मात्र नात्याबाहेर लग्न करणाऱ्यांना हा रोग होत नाही, असा त्याचा अर्थ नव्हे.

उपचाराची कल्पना साधी आहे : जे पचत नाही ते देऊ नये. अडचण एवढीच की फेनिलॲलनीन नसलेले प्रथिन निसर्गात मिळत नाही. १९५१ मध्ये लुई वुल्फ यांनी मार्ग सुचविला, आणि बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयात हॉर्स्ट बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी तो प्रत्यक्षात आणला. दुधातील केसीन अम्लाने फोडून त्याची ॲमिनो अम्ले केली, ती विशिष्ट कोळशातून गाळून फेनिलॲलनीन काढून टाकले, आणि मग टायरोसीन वगैरे आवश्यक घटक पुन्हा घातले. उपचार झाला तो दोन वर्षांच्या एका मुलीवर. तिला उभे राहता येत नव्हते, बोलता येत नव्हते आणि ती सारखी डोके आपटीत असे. तिच्या आईने ‘काहीतरी करा’ असा तगादा लावला नसता तर हा प्रयोग कदाचित लांबणीवर पडला असता. काही महिन्यांत मुलगी रांगू लागली, डोके आपटणे थांबले. हा सुधार खरोखर आहाराचाच आहे काय, हे पाहण्यासाठी वैद्यांनी आईला न सांगता अन्नात फेनिलॲलनीन पुन्हा मिसळले आणि मुलगी पाहता पाहता घसरली. आजच्या नीतीत असे करणे बसणार नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तान्ताने वैद्यकाला एक गोष्ट कायमची पटविली : जन्मजात म्हणजे असाध्य नव्हे. त्या मुलीची गेलेली बुद्धी मात्र पुरती परत आली नाही. उपचार आहे, पण तो लक्षणे दिसण्यापूर्वी सुरू झाला पाहिजे, असा पेच आता उभा राहिला. १९५७ च्या सुमारास बाळाच्या ओल्या दुपट्यावर फेरिक क्लोराइडचा थेंब टाकून पाहण्याची रीत निघाली. पण मूत्रात ते अम्ल दिसू लागण्यास काही आठवडे लागतात, म्हणजे तीही उशिराचीच.

हा पेच सोडविला तो रॉबर्ट गथ्री यांनी. ते अमेरिकेतील बफेलो येथील सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ. त्यांचा एक मुलगा मंदबुद्धीचा होता आणि नात्यातील एका मुलीला फेनिलकीटोन्युरिया असल्याचे उशिरा कळले होते. त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. ‘बॅसिलस सबटिलिस’ या निरुपद्रवी जंतूंचे बीजाणू अगारच्या थराळ्यात मिसळावयाचे, आणि त्याच थराळ्यात थायेनिलॲलनीन नावाचे द्रव्य घालावयाचे. हे द्रव्य फेनिलॲलनीनाचे सोंग घेऊन जंतूंची वाढ रोखते. आता बाळाच्या टाचेला टोचून काढलेले रक्त गाळणकागदावर टिपून वाळवावयाचे, त्याची लहानशी चकती पाडावयाची आणि ती थराळ्यावर ठेवावयाची. रक्तात फेनिलॲलनीन अधिक असेल तर खऱ्यापुढे सोंगाचे काही चालत नाही, जंतू वाढतात आणि चकतीभोवती त्यांचे एक पांढुरके वलय उमटते. वलय जितके रुंद तितके फेनिलॲलनीन अधिक. ना महागडे यंत्र, ना मोठी कुपी. वाळलेले रक्त पाकिटात घालून टपालानेही पाठविता येते. माझ्या मते गथ्री यांची खरी प्रतिभा जंतूंपेक्षा त्या कागदात दिसते, कारण तिने प्रयोगशाळा प्रत्येक बाळंतिणीच्या दारापर्यंत नेली. प्रारंभीच्या चाचणीत अमेरिकेतील २९ राज्यांत चार लाखांवर बाळे तपासण्यात आली आणि ३९ रोगी सापडले. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही परीक्षा कायद्याने सक्तीची केली. १९९० नंतर जंतूंची जागा द्रव्यमान-वर्णपटमापक यंत्राने घेतली, आणि त्याच एका चकतीतून अनेक चयापचयविकार एकदम पाहता येऊ लागले. कागद मात्र अजूनही तोच आहे.

रक्त केव्हा घ्यावे, हे महत्त्वाचे आहे. जन्मतःच घेतले तर आईच्या यकृताने केलेली साफसफाई अजून टिकून असते आणि रोगी बाळही निरोगी दिसते. म्हणून निदान २४ तास, शक्यतो ४८ ते ७२ तास गेल्यावर, बाळाने दूध घेतल्यावर रक्त घ्यावे असा नियम आहे. दुसऱ्याच दिवशी बाळंतिणीला घरी धाडण्याची रीत जेथे आहे तेथे हा साधा नियमही पाळणे अवघड होते.

या परीक्षेस मराठीत काय म्हणावे? ‘चाचणी’, ‘तपासणी’, ‘छाननी’ हे शब्द वापरात आहेत. मला ‘चाळणी-परीक्षा’ हा शब्द अधिक अर्थवाही वाटतो, कारण चाळण्याची क्रिया आपल्या घरात रोज होते आणि तिच्या मर्यादा गृहिणीला पक्क्या ठाऊक असतात. पीठ चाळले की वर चाळण उरते. तिच्यात कोंडा असतो, खडा असतो, आणि पुष्कळदा चांगल्या पिठाच्या गुठळ्याही असतात. वर राहिले ते सगळे टाकावयाचे, असे कोणी करीत नाही. ते हाताने पाहावे लागते. गाळणकागदावरची परीक्षा नेमकी अशीच आहे. ती निदान करीत नाही. ज्यांच्याकडे पुन्हा निरखून पाहावयाचे त्यांना वेगळे करते. हिशेबाने पाहू. रोग दहा हजारांत एकाला आहे असे धरा, आणि परीक्षा हजार निरोगी बाळांमागे एकालाच चुकून वेगळे काढते असे धरा. दहा हजार बाळे चाळली तर चाळणीत अकरा राहतील, आणि त्या अकरांपैकी दहा निरोगी असतील. परीक्षा उत्कृष्ट असूनही असे होते, कारण रोग दुर्मिळ आहे.

आता येथे भाषा कशी आड येते पाहा. आपल्याकडे रक्त तपासून आल्यावर ‘साखर निघाली’, ‘क्षय निघाला’ असे म्हणतात. ‘निघणे’ या क्रियापदात आत दडलेली वस्तू बाहेर पडण्याचा अर्थ आहे. निघाले म्हणजे ते होतेच. त्यात संशयाला जागा नाही. ‘बाळाला काहीतरी निघालंय’ हे वाक्य कानावर पडताच घरात जे होते ते सांगावयास नको. सासर आणि माहेर यांच्यात ‘कोणाकडून आले’ याचा वाद सुरू होतो, आणि पुन्हा रक्त देण्यासाठी यावे लागेल हे सांगणे त्या गदारोळात हरवते. उलट, ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ऐकून काही चांगले घडले अशी समजूत करून घेणारेही भेटतात. वैद्यकाच्या परिभाषेची चर्चा आपल्याकडे बहुधा संस्कृत की इंग्रजी एवढ्यावरच थांबते; क्रियापदाकडे कोणाचे लक्ष जात नाही. नामापेक्षा क्रियापदच अधिक दगा देते, असा माझा अनुभव आहे.

चाळणीलाच निदान समजण्याची चूक केवळ अडाणी माणसे करतात असेही नाही. अमेरिकेत कायदे झाले तेव्हा, रक्तातील फेनिलॲलनीन थोडे वाढलेले असूनही बुद्धीला धोका नसणारी सौम्य अवस्था असते, हे नीट ठाऊक नव्हते. त्यामुळे ज्यांना पथ्याची गरज नव्हती अशा काही बाळांनाही कडक पथ्य दिले गेले, आणि अत्यावश्यक ॲमिनो अम्लच तुटल्याने त्यांची वाढ खुंटली. पुढे १९७० नंतर असेही आढळले की, काही थोड्या बाळांत दोष एंझाइमात नसून त्याला साह्य करणाऱ्या टेट्राहायड्रोबायोप्टेरिन या द्रव्यात असतो. त्यांना केवळ पथ्याने भागत नाही. वेगळी औषधे लागतात. वेगळ्या काढलेल्या प्रत्येक बाळात हे तपासावेच लागते. १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी चाळणी-परीक्षेच्या ज्या कसोट्या घालून दिल्या, त्यांत परीक्षा अचूक असावी एवढेच नाही. मान्य उपचार असावा, निदानाची व उपचाराची सोय उपलब्ध असावी आणि हे काम एकदाच करून थांबावयाचे नाही, असेही आहे. अहवाल देऊन मोकळे होणारी संस्था या कसोट्यांना उतरत नाही.

आणि उपचाराची सोय म्हणजे काय, हे स्वयंपाकघरात गेल्याशिवाय कळत नाही. तीव्र प्रकारच्या रोगी मुलाला दिवसाला साधारणतः २५० ते ३५० मिलिग्रॅम फेनिलॲलनीन सोसते, म्हणजे नैसर्गिक प्रथिनाच्या भाषेत ५ ते ७ ग्रॅम. ज्वारीच्या पिठात दर १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम प्रथिन असते. पन्नास-साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी मुलाने खाल्ली की दिवसाचा हिशेब तेथेच संपला. तुरीच्या डाळीत २२ टक्के प्रथिन. तीस ग्रॅम डाळीचे वरण म्हणजे पुन्हा पूर्ण दिवस. दूध, दही, अंडी, मासे, मटण, कडधान्ये, सगळेच वर्ज्य किंवा वर्ज्यासारखे. उरते काय? साखर, तूप, तेल, बहुतेक फळे, काही भाज्या, मोजून थोडा भात. शाकाहारी घरांत ‘आम्ही मांसाहार करीत नाही, तेव्हा काळजी नाही’ असा समज आढळतो, तो डाळीने खोटा पाडला आहे. साबुदाण्याची गोष्ट तर मौजेची आहे. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, प्रथिन नाममात्र. या मुलांना तो चालतो. पण आपण त्याची खिचडी करतो आणि तिच्यात दाण्याचे कूट घालतो, आणि शेंगदाण्यात प्रथिन २५ टक्के! उपवासाच्याच पंक्तीतला राजगिरा घ्या, त्यात तांदळाच्या जवळजवळ दुप्पट प्रथिन. म्हणजे उपवासाला चालते ते पथ्याला चालेलच असे नाही, आणि आजीने मायेने हातावर ठेवलेला राजगिऱ्याचा लाडू हा या घरातला अपघात ठरतो.

एवढ्याशा नैसर्गिक प्रथिनावर मूल वाढत नाही. म्हणून फेनिलॲलनीन वगळून बाकी सर्व ॲमिनो अम्ले असलेले मिश्रण रोज तीन-चार वेळा घ्यावे लागते. तान्ह्या बाळाला या मिश्रणाबरोबर मोजून आईचे दूध देता येते, कारण आईच्या दुधात गाईच्या दुधाहून प्रथिन पुष्कळच कमी असते. मिश्रणाची चव आणि वास दोन्ही वाईट. लहानपणापासून सवय झालेली मुले ते पितात. मोठेपणी सुरू करणाऱ्याला ते घशाखाली उतरत नाही. मिश्रण घेतले, पथ्य पाळले, तरी रक्तातील पातळी २ ते ६ मिलिग्रॅमच्या दरम्यान आहे काय, हे पाहण्यासाठी तान्हेपणी आठवड्याला आणि पुढे काही आठवड्यांनी टाच किंवा बोट टोचावे लागते. ताप आला, मूल जेवले नाही, की शरीर स्वतःचीच प्रथिने मोडू लागते आणि पातळी चढते. २००७ साली अमेरिकेत सॅप्रोप्टेरिन या औषधास मान्यता मिळाली. ते काही रोग्यांत उरलासुरला एंझाइम जागा करते, सर्वांत नाही. २०१८ मध्ये आलेले पेगव्हॅलिएज हे टोचून घ्यावयाचे एंझाइम प्रारंभी प्रौढांसाठी मान्य झाले आणि त्याने तीव्र ॲलर्जीचा धोका संभवतो. पथ्य हाच उपचाराचा पाया आहे.

हे पथ्य किती वर्षे? प्रारंभी समज असा होता की मेंदूची मुख्य वाढ झाली, मूल शाळेत जाऊ लागले, की पथ्य सोडावे. अनेक देशांत तसे केले गेले. पुढे त्या मुलांचे बुद्धिमापन घसरू लागले, लक्ष लागेना, प्रौढपणी उदासीनता आणि चिंता वाढली. आता बहुतेक सर्व तज्ज्ञ आजन्म पथ्य सांगतात. पण ज्यांचे पथ्य लहानपणीच सुटले, जे बालरोगतज्ज्ञांच्या नोंदवहीतून वयाने बाद झाले, अशांना पुन्हा शोधणे कठीण गेले. त्यांतल्या स्त्रियांचा प्रश्न सर्वांत बिकट ठरला. त्या वेळीच निदान झाल्यामुळे बुद्धीने चांगल्या राहिल्या, त्यांनी लग्ने केली, त्या गर्भवती झाल्या. आईच्या रक्तातील वाढलेले फेनिलॲलनीन वारेतून गर्भात जाते आणि गर्भात ते आईच्या रक्तापेक्षाही अधिक साचते. मुलाला स्वतःला रोग नसतानाही त्याचे डोके लहान राहते, हृदयात दोष येतो, बुद्धी खुंटते. याचे प्रमाण किती मोठे आहे हे १९८० साली लेन्की आणि लेव्ही यांच्या अभ्यासाने दाखविले, आणि १९८४ पासून अनेक देशांतील केंद्रांनी मिळून या गर्भवतींचा दीर्घ अभ्यास केला. गर्भधारणेपूर्वीच पातळी उतरवून ती नऊ महिने तशी राखली तर मूल निरोगी जन्मते, असे त्यातून दिसले. चाळणी-परीक्षेने एका पिढीला वाचविले. त्या पिढीच्या मुलींना वेळेवर सांगितले गेले नाही तर पुढची पिढी त्याच रोगाचा भोग भोगते, आणि तोही रोग अंगी नसताना.

आपल्या देशात या कामाचे प्रयत्न तुटकतुटक झाले. १९८० मध्ये बंगलोर येथे नवजातांमधील ॲमिनो अम्लांच्या विकारांची चाळणी सुरू झाली आणि लाखावर बाळे तपासली गेली. गोव्याच्या सरकारने २००८ साली खाजगी प्रयोगशाळेच्या सहकार्याने राज्यव्यापी कार्यक्रम हाती घेतला. एवढ्या लहान राज्याने असे पाऊल प्रथम उचलावे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ रोग धोरणात, विशेष आहाराने आटोक्यात राहणाऱ्या विकारांच्या गटात फेनिलकीटोन्युरियाचा समावेश झाला, आणि उपचारासाठी नेमलेल्या केंद्रांत मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आहे. परंतु देशातील प्रत्येक बाळाची टाच टोचली जाते असे नाही. बहुसंख्य मराठी माणसांना या रोगाचे नाव दिसते ते एकाच ठिकाणी : ॲस्पार्टेम घातलेल्या बिनसाखरेच्या पदार्थांच्या वेष्टनावर, बारीक इंग्रजी अक्षरांत. ॲस्पार्टेममध्ये फेनिलॲलनीन असल्यामुळे या रोग्यांनी तो पदार्थ घेऊ नये, अशी ती सूचना असते. ज्याच्यासाठी ती आहे त्याला आपल्याला हा रोग आहे हे ठाऊक असेल, असे तिच्यात गृहीत धरलेले आहे.

परिभाषा घडविणाऱ्या आपल्या विभागासारख्या ठिकाणी निदान एक काम करता येण्यासारखे आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. चाळणीत वेगळ्या काढलेल्या बाळाच्या आईला परिचारिकेने काय सांगावे, याचा मजकूर प्रमाण मराठीत, तसाच वऱ्हाडी, अहिराणी व मालवणी बोलींत तयार करून पाहावा, आणि तो खरोखर ऐकणाऱ्यांना कसा कळतो हे त्यांच्याकडूनच परत वदवून घेऊन तपासावे. माझ्या मसुद्यात ‘निघाले’ हे क्रियापद नाही आणि ‘दोष’ हे नामही नाही. तो असा : “बाळाच्या रक्ताची पहिली चाळणी झाली. त्यात एक घटक जास्त दिसतो आहे. एवढ्यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही. पुष्कळ बाळांत दुसऱ्या वेळी सगळं नीट येतं. पण नक्की कळण्यासाठी उद्याच पुन्हा रक्त घ्यायचं आहे. आजार असलाच तर त्याचं पथ्य आहे, आणि ते बाळ दहा दिवसांचं व्हायच्या आत सुरू केलं तर ते इतर मुलांसारखं वाढतं. दूध आपल्या मनाने बंद करू नका. हे कोणाच्या वागण्यामुळे झालेलं नाही.” यातील ‘उद्याच’ हा शब्द गाळू नये, अशी माझी विशेष सूचना आहे, ग्रामीण भागात ‘पुन्हा या’ याचा अर्थ पुढच्या बाजाराच्या दिवशी असा होऊ शकतो, आणि आठवडी बाजार सात दिवसांनी भरतो.